दनदनीच्या पाण्यातल्या सिंधुताई

सिंधुताई हुकरे कयाक चालवायला शिकल्या त्या लेकीच्या हट्टापायी. आणि गंमत अशी, की लेकीनं तो नाद दुसऱ्याच दिवशी सोडून दिला.

त्र्याऐंशी सालचा उन्हाळा होता. भिलाईच्या कारखान्यातल्या काही हौशी मंडळींनी साहसी खेळांचा क्लब काढला होता. त्यांचे म्होरके विजयकुमार घटाटे, रोलिंग मिलमधले इंजिनिअर, मूळचे नागपूरच्या महाल भागातले. हिमाचलात जाऊन ते कयाक शिकून आले होते. कयाक म्हणजे एका माणसापुरती निमुळती होडी. वरून बंद, मधे फक्त कंबर जाईल एवढं भोक. त्यात पाय पसरून बसायचं, कमरेभोवतीचा रबरी झगा त्या भोकाच्या काठावर ताणून बसवायचा म्हणजे पाणी आत शिरत नाही, आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं ती हाकायची. घटाट्यांनी आपल्या क्वार्टरच्या अंगणात फायबरच्या चार होड्या स्वतः ओतल्या. महिनाभर शेजाऱ्यांना त्या रसायनाच्या वासानं जेवण गोड लागलं नव्हतं.

मरोद्याच्या तलावावर शिकवणी सुरू झाली, तेव्हा आठवीतली दुर्गा आईच्या मागं लागली. लहान मुलांबरोबर घरचं मोठं माणूस हवं असा क्लबचा नियम होता, म्हणून सिंधुताई डबा घेऊन काठावर बसल्या. दुर्गाची होडी उलटली, नाकातोंडात पाणी गेलं, ती रडत वर आली आणि पुन्हा त्या होडीकडं बघेना. दुसऱ्या दिवशी तर तिनं कपडेसुद्धा बदलले नाहीत.

"एक होडी रिकामी राहिली, ताई," घटाटे सहज म्हणाले. "तुम्ही बसून बघता का?"

सिंधुताईंनी इकडं तिकडं बघितलं. ओळखीचं कोणी नव्हतं. पदर खोचला आणि बसल्या.

होडी पाण्यावर आली आणि त्यांच्या अंगात काहीतरी जुनं जागं झालं. त्यांचं माहेर लाखांदूरकडचं, वैनगंगेच्या काठचं. नदी आटली की त्यांचे वडील वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या लावायचे, आणि लहानगी सिंधू डोंग्यात बसून पलीकडच्या वाडीत भाकर पोचवायची. पोहणं तिला कोणी शिकवलं नव्हतं. चालणं शिकवतात का कोणी, तसंच ते. मग लहानू हुकरेंशी लग्न झालं आणि ती भिलाईला आली. इथं पाणी नळाला यायचं. लहानू फर्नेसवर होते. चांगला, हसरा माणूस. कावीळ झाली आणि पंधरवड्यात गेला. त्याच्या जागी सिंधुताईंना कारखान्याच्या टूल रूममध्ये नोकरी लागली. खिडकीतून पाने, हातोडे, ड्रिल द्यायचे आणि पितळी टोकन घ्यायचं. घरी लेक आणि सासू, मनकर्णाबाई. या सगळ्यात पस्तिशी कधी आली ते सिंधुताईंना कळलं नव्हतं.

त्या दिवशी तलावाच्या मध्यापर्यंत जाऊन त्या परत आल्या. चेहरा लालबुंद झाला होता.

"उद्या येऊ का?" त्यांनी विचारलं.

अडचण कपड्यांची होती. साडी नेसून त्या भोकात बसणं म्हणजे उलटल्यावर जिवाशी खेळ, असं घटाट्यांनी स्पष्ट सांगितलं. सिंधुताईंनी पेटीतून लहानूची जुनी पॅन्ट काढली, कमरेत नाडी ओवली आणि वर पूर्ण बाह्यांचा सदरा घातला. सायकलवरून त्या वेषात निघाल्या तेव्हा अख्ख्या गल्लीनं पाहिलं. संध्याकाळी शेजारची एक बाई मनकर्णाबाईंच्या कानाशी लागली, "अम्मा, बहू पैंट पहन के कहाँ जाती है?"

मनकर्णाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "माह्या पोराचा पॅन्ट हाये. माही सून घालते. तुमाले का करायचं हाये?"

बाईला मराठी पुरतं समजलं नसावं, पण सूर समजला. तो विषय त्या गल्लीत पुन्हा निघाला नाही, निदान मनकर्णाबाईंच्या समोर तरी नाही.

वल्हं मारणं सिंधुताईंना लवकर जमलं. खरा घाम काढला तो पलट्यानं. होडी उलटली की माणूस पाण्याखाली डोकं खाली, पाय वर असा लटकतो. अशा वेळी झगा सोडून बाहेर पोहत येता येतं. पण खळाळत्या पाण्यात ते धोक्याचं. तिथं खालूनच वल्ह्याचा झपकारा देऊन, कमरेच्या झटक्यानं होडीसकट वर यायचं असतं. त्यालाच क्लबात पलटा म्हणत. सिंधुताई उलटल्या की पहिल्यांदा डोकं वर काढायला धडपडायच्या. डोकं वर आलं की होडी खाली ओढायची आणि त्या पुन्हा आत.

"डोकं सगळ्यांत शेवटी," घटाटे ओरडायचे. "आधी कंबर, मग अंग, मग डोकं!"

"साहेब, जीव तर डोक्यातच असते न!" त्या खोकत म्हणायच्या.

मग त्यांनी घरी सराव सुरू केला. जमिनीवर सतरंजी टाकून आडव्या पडायच्या, हातात मुसळ धरायचं आणि कंबर फिरवून उठायचं. मनकर्णाबाई त्यांचे पाय दाबून बसायच्या.

"डोस्कं उचललं तुनं," म्हातारी बजावायची.

"नाई उचललं, आत्याबाई."

"मी पाहून राहिली न वं! उचललं. पुन्हा कर."

दुर्गा अभ्यासाचं पुस्तक तोंडावर धरून हसायची. पण गणपतीच्या सुमारास एका रविवारी सिंधुताई मरोद्याच्या पाण्यात उलटल्या आणि कोणाला कळायच्या आत वर आल्या. केसांतून पाणी निथळत होतं आणि त्या स्वतःच चकित होऊन हातातल्या वल्ह्याकडं बघत होत्या. काठावर घटाट्यांनी शिट्टी वाजवली. सिंधुताईंनी लगेच पुन्हा होडी उलटवली. पहिला पलटा चुकून जमला नाही ना, याची त्यांना खात्री करायची होती.

बालोदच्या पुढं, जंगलाच्या तोंडाशी कुसुमघाटचं धरण होतं. धरणाच्या खाली नदी एका अरुंद दरीत शिरायची. कोसभरही नसेल लांबी, पण दोन्हीकडं काळे कडे आणि मधे पायऱ्यापायऱ्यांनी कोसळणारी वाट. या दरीला गाववाले दनदनी म्हणत. वर्षातले बहुतेक दिवस ती मुकीच असायची. दगड, डबकी, उन्हात निजलेल्या घोरपडी. पण कुंवारात, म्हणजे आश्विनात, पाऊस दडी मारून बसला आणि धान पोटरीला आलं असलं, की धरणाचं दार उघडायचं. ते पाणी दरीतून खालच्या बंधाऱ्याला जायचं, तिथून कालव्यांत आणि शेतांत. तेवढे आठ-पंधरा दिवस दनदनी जागी व्हायची आणि तिचा आवाज गावात ऐकू यायचा.

चौऱ्याऐंशीच्या दसऱ्यानंतर पाणी सुटणार अशी बातमी आली. क्लबची मंडळी आदल्या दिवशीच पोचली. घटाट्यांनी सगळ्यांना कोरड्या दरीतून चालवत नेलं. धरणाच्या दारावरचा माणूस, हिरालाल, सोबत आला होता. तो छत्तीसगढी बोलायचा.

"पानी छूटे के बाद कोनो पथरा नई दिखय, बहिनी," तो सिंधुताईंना म्हणाला. "आजे देख ले."

आणि सिंधुताईंनी पाहिलं. उद्या जिथं डोक्यावरून पाणी जाणार होतं तिथं त्या चपला हातात घेऊन चालल्या. दगडांवरून हात फिरवला. दरीच्या मध्याला एक उतरंड होती आणि तिच्या पायथ्याशी पाण्यानं कोरून काढलेला गोल खड्डा, गुळाच्या कढईसारखा गुळगुळीत, पण तिच्याहून कितीतरी रुंद. त्याचं नावच कढई. त्यात उतरंडीचं पाणी पडायचं आणि तिथल्या तिथं उलटं फिरायचं. सापडलेलं लाकूड तासन्तास घुमत राहायचं. सिंधुताई आत उतरल्या, तळाशी बसल्या आणि वर आभाळाकडं पाहून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा वाजला. हिरालालनं दार उचललं. आधी नुसता वारा आला, ओल्या मातीच्या वासाचा. मग पांढरी जीभ दगडांवरून सरपटत आली आणि बघता बघता कालची वाट नाहीशी झाली.

सिंधुताईंची पाळी तिसरी होती. वरच्या दोन उतरंडी त्यांनी नीट ओलांडल्या. कढईच्या तोंडाशी आल्या तेव्हा डावीकडून जायचं हे त्यांना पाठ होतं. पण समोर पाण्याची पांढरी भिंत उभी राहिली आणि त्यांचे हात थांबले. तेवढं पुरलं. होडी आडवी झाली आणि उलटली. खाली अंधार. पलटा मारला, फसला. पुन्हा मारला, पुन्हा फसला. कशावर तरी खांदा आदळला. झगा ओढून त्या बाहेर पडल्या, तेव्हा पाण्यानं त्यांना धुण्याच्या पिळ्यासारखं पिळून खाली फेकलं. घटाट्यांनी दोर टाकून त्यांना काठाला घेतलं. होडीचे दोन तुकडे झाले होते आणि सिंधुताईंचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

सेक्टर नऊच्या हॉस्पिटलात पट्टी बांधून त्या घरी आल्या. आता गल्लीला बोलायला जागा मिळाली. पोरीचा बाप गेला, आता आईही जायची वेळ, असं लोक म्हणाले, आणि ते अगदीच खोटं नव्हतं, म्हणून सिंधुताईंना ते जास्त लागलं. दुर्गा दोन दिवस आईजवळ फिरकली नाही. मग एका दुपारी आईची वेणी घालता घालता म्हणाली, "आई, तू नसती तर मी काय केलं असतं?"

घटाटे भेटायला आले. बिचारे खुर्चीच्या काठावर बसले होते. "माझीच चूक झाली, सिंधुताई. घाई केली मी. आता तुम्ही हे सोडा. मरोद्यावर या, मुलींना शिकवा. दनदनी नको."

"मले कढईचं भेव वाटलंच, साहेब. नाई कावून म्हणू?" सिंधुताई हळू आवाजात म्हणाल्या. "पन भेवानं मी डोळे मिटले. वरतं पन मिटले अन् पान्यातही मिटूनच होती. पानी कुठून येऊन राहिलं, कुठं जाऊन राहिलं, काईच पाह्यलं नाई. आंधळ्यानं वल्हं मारल्यासारखं झालं ते."

घटाट्यांनी चहा घेतला आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "हाड जुळू द्या आधी. मग बघू."

हाड जुळलं. सिंधुताई थंडीतल्या सकाळी कामाच्या आधी मरोद्यावर जाऊ लागल्या. आता त्या पाण्याखाली मुद्दाम उलट्या राहायच्या, डोळे उघडे ठेवून. तलावाचं पाणी हिरवट. आधी डोळे झोंबायचे, मग सवय झाली. आपले हात दिसायचे, वल्ह्याचं पिवळं पातं दिसायचं, वर उजेड कुठल्या बाजूला आहे ते दिसायचं. मोडलेली होडी त्यांनी घटाट्यांच्या अंगणात बसून स्वतः सांधली. हाताला फायबरची कुसळं टोचून खाज सुटायची. रात्री मनकर्णाबाई खोबरेल चोळून द्यायच्या.

पंच्याऐंशीला पाऊस असा लागला, की धानाला धरणाचं पाणी लागलंच नाही. शेतकरी खूष होते. दनदनी कोरडीच राहिली. सिंधुताईंनी ते वर्ष मुकाट्यानं काढलं. "लोकायचं धान पिकलं न, मंग झालं," त्या म्हणायच्या. पण ज्या रविवारी क्लबची जीप सहज तिकडं निघाली, त्या रविवारी सिंधुताई तिच्यात होत्या, आणि कोरड्या कढईत उतरून पुन्हा एकदा सगळ्या कडांवरून हात फिरवून आल्या.

शहाऐंशीला पाऊस भादव्यातच थांबला. कुंवारात धान पिवळं पडू लागलं आणि पाणी सोडायचं ठरलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी सिंधुताई पिशवी भरत होत्या. मनकर्णाबाईंनी आपलं एक लुगडं आणून त्या पिशवीत टाकलं.

"हे कावून, आत्याबाई?"

"मी येऊन राहिली."

"तठी काय करान तुमी? दगडं हायेत नुसते. चढाउतराचं हाये."

"तुले काय झालं ते मले घरी बसून आयकायचं नाई," म्हातारी म्हणाली. "पोराच्या वक्ताले मी दवाखान्याच्या बाहेर बसली होती. यावेळी मी समोर बसतो."

सिंधुताईंनी ते लुगडं नीट घडी घालून पिशवीत ठेवलं. इतक्या वर्षांत लहानूच्या जाण्याबद्दल सासू एवढं बोलली नव्हती. "नका जाऊ म्हणान तर नाई जात," त्या शेवटी म्हणाल्या.

"मी का तसं म्हनलं? तुले जायचं हाये, तू जाय. मले पाहायचं हाये, मी पायतो."

दुर्गाही आली. दोघी आजी-नात कढईच्या वरच्या कड्यावर छत्री उघडून बसल्या. घटाटे आधी उतरून, कढईच्या पुढं दगडाआडच्या निवांत पाण्यात होडी लावून, दोर हातात घेऊन थांबणार होते.

भोंगा वाजला. पाणी आलं. त्या दिवशी ते मागच्या वेळेपेक्षा जरा जास्तच होतं. घटाटे ठरल्या जागी पोचल्यावर सिंधुताई पहिली उतरंड उतरल्या, दुसरी उतरल्या. वरून दुर्गाला फक्त लाल हेल्मेट दिसत होतं, लाटांत बुडणारं आणि निघणारं. कढईच्या तोंडाशी सिंधुताईंनी डावीकडं जोर लावला. यावेळी हात थांबले नाहीत. होडीचं टोक बरोबर डावीकडच्या जिभेवर चढलं आणि खाली गेलं. आणि तेवढ्यात बाजूच्या कड्यावरून परतलेल्या लाटेनं होडीला खांद्यानं ढकलावं तसं ढकललं. सिंधुताई उलटल्या. कढईतच.

दुर्गानं आजीचा दंड धरला. म्हातारी उठून उभी राहिली होती. छत्री हातातून सुटून दरीत गेली, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

खाली सिंधुताईंचे डोळे उघडे होते. पाणी तपकिरी होतं, त्यात पांढरे बुडबुडे वर जात होते. म्हणजे वर त्या बाजूला आहे. कान गच्च भरले होते. छाती म्हणत होती, आता मार, आता मार. त्यांनी मारला नाही. कढईचं पाणी आधी आत ओढतं आणि मग उजव्या कडेनं बाहेर सोडतं. ती कड त्यांच्या हाताला पाठ होती. होडी घुमली. बुडबुडे एकाएकी तिरपे जाऊ लागले. तेव्हा सिंधुताईंनी वल्हं पुढं घातलं, झपकारा दिला, कमरेनं होडी ओढून घेतली. आधी कंबर, मग अंग.

वर काठावरून दिसलं ते असं: उलट्या होडीचं पिवळं पोट, बराच वेळ नुसतं तेच, आणि मग त्याच्या जागी एकदम माणूस. मान खांद्यावर टेकलेली, आणि सगळ्यांत शेवटी डोकं वर आलं. सिंधुताईंनी एक श्वास घेतला आणि तशाच दोन वल्ही मारून त्या बाहेर निघाल्या. घटाटे दोर फेकायच्या तयारीत हात वर करून उभे होते. तो हात तसाच वर राहिला.

मनकर्णाबाई कड्यावरून ओरडल्या. धरणाच्या पाण्याच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण दुर्गाला ऐकू आलं.

"नाई उचललं वं! यावेळी डोस्कं नाई उचललं!"

उरलेल्या दोन उतरंडी सिंधुताई घटाट्यांच्या मागोमाग उतरल्या. बंधाऱ्याच्या संथ पाण्यात पोचल्यावर वल्हं मांडीवर आडवं ठेवून बराच वेळ बसून राहिल्या. रडत होत्या का, असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, तोंड तर आधीच ओलं होतं. म्हातारी पायवाटेनं खाली आली तशी तिनं सुनेच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, कानशिलावर बोटं मोडली, आणि मग लगेच कोरडं लुगडं गुंडाळून दिलं.

त्यानंतर ज्या ज्या वर्षी पाणी सुटलं त्या त्या वर्षी सिंधुताई दनदनीत उतरल्या. मरोद्यावर दर रविवारी त्यांच्याभोवती मुली आणि बाया जमायच्या: क्लार्क, नर्सा, शाळामास्तरणी, कोणाच्या सुना. पाण्याला घाबरणारीला त्या घाई करायच्या नाहीत. गुडघाभर पाण्यात होडी धरून उभ्या राहायच्या, अर्धा अर्धा तास, आणि इकडचं तिकडचं बोलत राहायच्या. कोण तलावावरच थांबायचं आणि कोण दनदनीला न्यायचं, हे क्लबात त्याच ठरवू लागल्या. त्यांचा शब्द कोणी मोडत नसे.

एक्क्याण्णवच्या कुंवारात असंच झालं. आधी पाऊस नव्हता म्हणून पाणी सोडायचं ठरलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात वरच्या जंगलात धो धो कोसळला. धरणाची तीन दारं उघडी होती. भिलाईहून दोन जीपा भरून मंडळी आली होती. रत्नमाला नावाची सेक्टर पाचची नर्स वर्षभर तयारी करून पहिल्यांदाच उतरणार होती. कितीतरी तरुण इंजिनिअर हेल्मेट चढवून तयार होते. घटाट्यांचे केस एव्हाना पिकले होते, पण उत्साह तोच.

सिंधुताई काठाकाठानं शेवटापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. पाणी करंजाच्या झाडांच्या बुंध्यांना लागलं होतं. कढईच्या जागी कढईच नव्हती. तिथून फक्त एक तपकिरी फुगवटा सरळ जात होता.

"आज नाई," त्या म्हणाल्या.

"ताई, इतनी दूर से आए हैं," एक मुलगा म्हणाला. "एक बार तो..."

"दूरून आलो म्हनून पानी कमी होते का, बाबू?"

घटाटे पाण्याकडं बघत उभे होते. त्यांचा जीव होडीत होता, ते सगळ्यांना दिसत होतं. मग त्यांनी हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि हेल्मेट काढून जीपच्या टपावर ठेवलं. त्यांच्यामागून एकेकानं काढलं. रत्नमालाचा चेहरा पडला होता. सिंधुताईंनी तिची होडी एका बाजूनं उचलली, दुसरी बाजू तिला धरायला लावली, आणि दोघी चढावरून गाडीकडं निघाल्या.

"तुमाला कधी वाईट नाही वाटत, ताई? असं परत फिरताना?" रत्नमालानं विचारलं.

"वाटते न. लय वाटते," सिंधुताई म्हणाल्या. "चाल, होडी वरतं धर, घासून राहिली."

परतताना वाटेवरच्या उतई गावात गाड्या थांबल्या. हॉटेलवाल्यानं इतकी माणसं पाहून दुसरी कढई चुलीवर चढवली. मिरचीची भजी, चहा, ओल्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेली कोरडीच माणसं. दरीवर 'इतनी दूर से' म्हणणाऱ्या मुलानं भज्यांची बशी आणून आधी सिंधुताईंपुढं ठेवली, आणि त्यांच्या शेजारी जागा करून बसला.